आत्याचा खड्डा

शेवंता आत्या आमच्याकडे राहायला आली ती म्हैस घेऊन. सण नव्हता, लगीनसराई नव्हती, कुणी बोलावणं धाडलं नव्हतं. मी अंगणात शेंगा फोडत बसले होते आणि वाटेवर धूळ उडालेली दिसली. डोक्यावर बोचकं, हातात दावं आणि दाव्याच्या टोकाला पोट खपाटीला गेलेली एक काळीभोर म्हैस. आत्याने बोचकं ओट्यावर टेकवलं, पण पाणी प्यायच्या आधी म्हशीला गोठ्यात नेऊन बांधलं. आमच्या बैलांना जरा सरकवून, स्वतःच जागा करून बांधलं. काकू दारात उभी राहून बघत होती. ती आत आली आणि आईच्या कानाशी म्हणाली, "पाव्हणी हातात पिशवी घेऊन येती. दावं घेऊन आलेली बाई परत जायची न्हाय, आक्का." आईने परातीत पीठ घेतलं ते नेहमीपेक्षा जरा हात राखूनच घेतलं, हे मला आजही आठवतं. मी तेव्हा नववीत होते. घरात कोण कुणाकडे कसं बघतं हे त्या वयात मुलींना फार लवकर कळतं.

आमचं गाव अक्कलकोटच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत. घरात आम्ही मोजकी माणसं. माझे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते थोरले. त्यांच्या पाठची ही आत्या. आणि सगळ्यांत धाकटा महादूकाका. आजी-आजोबा मी लहान असतानाच गेले होते. चूल एक होती, पण कसायची रानं दोघा भावांनी आपसांत वाटून घेतली होती. विहिरीकडची काळी पट्टी अण्णांची, तिच्या खालची काकाची, आणि ओढ्याच्या काठचा मुरमाड तुकडा कुणाचाच नाही. तिथं तरवड-बाभळीशिवाय काही उगवत नव्हतं. सकाळी जाग यायची ती उखळाच्या आवाजाने. आई शेंगांची चटणी कुटायची. लसणाचा, तिखटाचा, भाजक्या शेंगांचा वास घरभर फिरायचा आणि त्या ठोक्यांच्या मध्ये चरवीत पडणाऱ्या दुधाच्या धारा ऐकू यायच्या. आत्या आली आणि त्या आवाजात एक नवा आवाज मिसळला. धार काढताना ती म्हशीशी कानडीत बोलायची. "सुम्न निंद्र, चंद्रव्वा, सुम्न निंद्र," म्हणजे गप उभी राहा, एवढंच. तिचं सासर सरहद्दीपलीकडचं, तिथं ती अर्धं आयुष्य कानडीच बोलली होती. आमच्याकडे कानडी समजणारे पुष्कळ होते, पण काकू माढ्याकडची. तिला एक शब्द कळायचा नाही. ती मला विचारायची, "काय पुटपुटती गं ही? मंतर-बिंतर न्हाय की?" मी अर्थ सांगितला तरी तिचं समाधान व्हायचं नाही. "तुला तरी कुटं समदं कळतंय," म्हणायची.

आत्याचा नवरा वारला होता, एवढं आम्हांला ठाऊक होतं. बाकीचं तिने कुणाला सांगितलं नाही, आणि जे सांगितलं जात नाही ते माणसं स्वतः रचतात. म्हैस तिने दिरांच्या गोठ्यातून सोडून आणली, म्हणजे चोरूनच आणली, असं काकूचं म्हणणं. काकाला वाटे तिच्या बोचक्यात सोनं आहे. आईला दोन्हींवर विश्वास नव्हता, पण आत्यावरही नव्हता. माझी झोपायची जागा तिने आत्याच्या खोलीत केली आणि सहज म्हणावं तसं म्हणाली, "बोलली काय तर ऐकत जा." ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. आत्या भिंतीकडे तोंड करून पडायची आणि लगेच झोपायची. आणि मला मात्र वाटायचं, इतकी शांत झोप लागते म्हणजे हिच्या मनात काहीतरी ठरलेलं आहे.

मग तिने खड्डा काढला. गोठ्यामागे, उकिरड्याच्या पलीकडे, उताराला लागून जागा होती. एका सकाळी ती अण्णांना म्हणाली, "मागची जागा वापरू का मी?"

"कशाला?"

"गोब्बर करायला."

"म्हंजी खत? उकिरडा हाय की."

"उकिरड्यात खत न्हाय होत, अण्णा. उकिरड्यात घाण होती. वरचं ऊन खातं, खालचं पाणी खातं, रानाला काय ऱ्हातंय?"

अण्णा तंबाखू मळत राहिले. नको म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि तेच त्यांना खटकत असावं. "कर," म्हणाले. त्याच दिवशी आत्याने कुदळ हातात घेतली. गडी मागितला नाही. खड्डा तिच्या कमरेएवढा खोल झाला तेव्हा काका येऊन काठावर उभा राहिला, आणि घरात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज खड्डा, उद्या खोपाट, परवा भित. आसंच असतंय."

आता लिहिताना मला वाटतं, त्या खड्ड्याचा खरा त्रास कुणाला झाला असेल तर आईला. गोठ्यातलं सगळं शेण तोवर आईचं होतं. त्याच्या गोवऱ्या व्हायच्या, परसात त्यांचा हुडवा रचलेला असायचा, आणि त्यावर वर्षभराचा स्वयंपाक निघायचा. आत्याने येऊन त्या शेणाला हात घातला. तिची कामाची रीत अशी की तळाला ज्वारीची धसकटं आणि तुरकाट्या, त्यावर शेणाचा काला, त्यावर रानातली माती, चुलीतली राख, मग पुन्हा धसकटं. गोठ्याच्या जमिनीला तिने उतार दिला आणि शेवटी एक मडकं पुरलं, जनावरांचं मूत त्यात उतरावं म्हणून. ते मडकं भरलं की ती खड्ड्यावर शिंपडायची. वर पाणी लागायचं ते वेगळंच, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने भरावं असं. आई तुरकाट्यांवर भाकरी करू लागली. तुरकाट्या भसकन पेटतात आणि विझतात. भाकरी एकीकडे करपायची, एकीकडे कच्ची राहायची. धुराने डोळे चोळत आई म्हणायची, "हिला शिजवून खायाचं न्हाय, पण कुजवायचं मातर हाय." एकदा मी पाहिलं, आई भल्या सकाळी आत्याच्या आधी गोठ्यात जाऊन दोन पाट्या शेण उचलून आणत होती. आत्या तेवढ्यात आली. दोघी एकमेकींना आडव्या झाल्या. आत्याने वाट सोडली, पण तिने पाट्यांकडे पाहिलं, आणि ते पाहणं आई कधी विसरली नाही.

पहिला खड्डा फसला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर गावात लोक असं बोलू लागले की शेवंताच्या हाताला पहिल्यापासून गुण होता. तसं काही नव्हतं. पावसाळ्यात वरच्या उताराचं सगळं पाणी खड्ड्यात उतरलं. आत चिखल झाला आणि त्याला जो वास सुटला तो मी वर्णन करत नाही. माशा जेवणाच्या ताटापर्यंत आल्या. काकू नाकाला पदर लावूनच गोठ्याकडे जायची, आणि गोठ्याकडे काम नसलं तरी पदर लावायला म्हणून जायची. शेजारणी कुंपणावरून विचारू लागल्या, काय पुरलंय म्हणून. काका म्हणाला, "पटकी येईल घरात. बुजवा ते." आत्याने खड्डा बुजवला नाही. तिने तो सगळा उपसला, उन्हात पसरला आणि अंगावरचं लुगडं पुन्हा पुन्हा धूत राहिली. मी तिला त्या दिवसांत एकदाच रडताना पाहिलं, गोठ्यात, म्हशीच्या पाठीला डोकं लावून. मला दया आली नाही. मला वाटलं, खत बिघडलं म्हणून कुणी एवढं रडतं का? हिचं दुसरंच काहीतरी बिघडलं असणार.

घरात तोवर तो शब्द फिरू लागला होता. हिस्सा. कुणी उघड उच्चारत नव्हतं. एका दुपारी आई आणि अण्णा ओसरीवर बियाण्याच्या शेंगा निवडत बसले होते आणि मी आत वहीत गणितं करत होते. आई म्हणाली, "महादूभावजी म्हनत हुतं, वन्सं बांधानं फिरत्यात. पावलं टाकून बघत्यात, हितनं तितवर." अण्णा बराच वेळ शेंगा चिवडत राहिले. मग म्हणाले, "कायद्यानं बहिणीचा वाटा असतोय म्हनं." आई म्हणाली, "मग?" अण्णा म्हणाले, "मग काय. मागितला तर बघू." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "शेवंता मागायची न्हाय. शेवंता तसली न्हाय." पण त्या दिवसापासून आत्या रानाकडे निघाली की अण्णा कुठं का असेनात, मान वळवून ती कोणत्या वाटेने गेली ते बघायचे.

दुसरा खड्डा तिने वरच्या अंगाला काढला, पाणी येणार नाही अशा जागी, आणि कडेने विटांचा गुडघाभर काठ घातला. या खेपेला पाणी बेताने. अधूनमधून ती लोखंडी पहार आत खुपसून ठेवायची आणि काढून टोकाला बोट लावायची. टोक तापलेलं असलं की चेहरा जरा सैल व्हायचा. खड्डा भरला तेव्हा तिने तो शेणमातीने घर लिंपावं तसा वरून लिंपून काढला. हे सारवण ओलं असतानाच हातातली पितळी बांगडी काढून तिने कडेकडेने दाबली. चंद्रकोरीसारख्या खुणांची ओळ उमटली. मी विचारलं, "नक्षी कशाला गं आत्या? मातीतच तर जाणार." ती म्हणाली, "कुनी उगडलं तर कळावं म्हनून." मला राग आला. आम्ही घरातली माणसं तिच्यावर नजर ठेवून होतो हे मला मान्य होतं. ती आमच्यावर नजर ठेवते हे मात्र फार अपमानाचं वाटलं. माणसाचं मन असं असतं.

उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही अक्कलकोटला दर्शनाला गेलो. अण्णा, आई, मी आणि आत्या. काका-काकू घर राखायला थांबले. मठात प्रसादाच्या पंगतीला बसलो, येताना आईने बांगड्या भरल्या, आत्याने म्हशीला नवा कासरा घेतला. परत आलो तर आत्या नेहमीप्रमाणे आधी गोठ्यात गेली आणि मग खड्ड्याकडे. मी तिच्या मागोमाग होते. सारवण जागच्या जागी होतं. छान गुळगुळीत होतं, आणि त्यावर एकही चंद्रकोर नव्हती.

ती ओरडली नाही. कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला परसात पाहिलं. आईच्या हुडव्यापाशी उभी राहून ती वरच्या गोवऱ्या उचलून पाहत होती, ताज्या किती, जुन्या किती. म्हणजे तिचा संशय आईवर होता; निघायच्या गडबडीत दोन-तीन दिवस तिने खड्डा पाहिला नव्हता, आणि खुणा आम्ही अक्कलकोटला जायच्या आधीच गेल्या असं तिला वाटत असावं. आईनेही ते खिडकीतून पाहिलं. त्या दिवशी आत्याने गोठ्याच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले आणि आपली भाकरी वेगळी थापायला सुरुवात केली. ज्वारीची कोरडी भाकरी, मिठाची खडी, कधी ताक. आमच्या ताटात आमटी, तिच्या ताटात नाही. आई मुद्दाम मोठ्या आवाजात म्हणायची, "आमच्या हातचं खाल्लं तर इख व्हतंय वाटतं." माझ्याशीही आत्या बोलेनाशी झाली. मी तिच्याच खोलीत झोपत होते, आणि एवढ्या जवळ असलेल्या माणसाने आपल्याला चोर समजावं याचं मला इतकं लागलं की मी आईला सांगून जागा बदलून घेतली. आता सोलापुरात शुक्रवार पेठेत आमच्या घराखालच्या दुकानात खताच्या पिशव्या विकायला असतात. प्लास्टिकच्या, वर हिरवं पान छापलेलं. लोक कुंड्यांसाठी नेतात. मी त्यांच्याकडे पाहते आणि मनात येतं, या पिशवीपायी कुणाच्या घरात चूल वेगळी झाली असेल का? बहुधा नसेल. शिवाय आत काय भरलंय याचाही मला काही भरवसा वाटत नाही.

पाऊस झाला, पेरण्या झाल्या. काकाने खालच्या पट्टीत भुईमूग केला होता. सुरुवातीला तो असा तरारून वर आला की काकाच्या चालण्यात फरक पडला. मग एका बाजूने रोपं माना टाकू लागली. आज चार, उद्या दहा, मग ओळीच्या ओळी पिवळ्या. काका रानातून यायचा आणि कुणाशी न बोलता हात धुवायचा. आणि एका सकाळी तो तसाच चिखलाच्या पायांनी अंगणात आला, हातात उपटलेली रोपं होती. त्याने ती ओट्यासमोर आपटली. मुळं अशी नव्हतीच. होती तेवढी कुरतडलेली, आणि मातीच्या ढेकळात पांढऱ्या, जाडसर, अर्धगोल वळलेल्या अळ्या. हुमणी.

"कुटं हाय ती? शेवंता! भाईर ये, बघ तुझ्या खताचे गुण! समदा पट्टा बसला माझा. तुझ्या त्या गोब्बरनं हुमणी घातली रानात!"

आई उखळाशी होती. तिचा हात वरच्या वर थांबला. अण्णा अर्धी दाढी केलेले, एका गालाला साबण तसाच घेऊन बाहेर आले. आत्या गोठ्यातून आली. ती वाकली, एक अळी उचलून तळहातावर घेतली, तिच्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "म्हादू, माझं खत तुझ्या रानात गेलंच कसं?"

मला क्षणभर तो प्रश्नच कळला नाही. मग कळला. सगळ्यांनी काकाकडे पाहिलं, आणि मग का कोण जाणे, सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईने मुसळ खाली ठेवलं.

काकू दारातून म्हणाली, "घरचं श्याण हाय. घरच्या श्याणाला इचारायचं कशाला?"

"मग इतके दिस नाकाला पदर कशाला लावला, सुलू?" आत्या म्हणाली. "न्यायचंच हुतं तर पिकल्यावर तरी न्यायचं. मधलं कच्चं उपसलं आन वरनं उकिरड्यातलं कोंबून दिलंत. कच्च्यात किडं व्हत्यात, न्हाय तर काय व्हणार? आन मी मूर्ख, वैनीच्या गोवऱ्या चाचपत बसले."

काका आता पुरता घेरला गेला होता, आणि घेरलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं. त्याने विषय मोठा केला. "खताचं सोड! खत निमित्त हाय. अण्णा, हिला इचारा. हिला जमीन पायजे! त्यासाठनं बसलीया ही हितं. इचारा तिला, माझ्याम्होरं इचारा!"

इतके महिने जे भिंतीआड, शेंगा निवडताना, पाणी शेंदताना बोललं जात होतं ते आता उन्हात येऊन पडलं होतं. अण्णांच्या गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता. ते म्हणाले, "शेवंता, खरं हाय का हे?"

मला वाटत होतं तिने नाही म्हणावं. रडावं, शपथ घ्यावी, म्हणावं की तुमच्या जमिनीवर थुंकते मी. म्हणजे काका खोटा पडला असता आणि आम्ही सगळे खोटे पडलो असतो, आणि ते मला चाललं असतं.

"व्हय," आत्या म्हणाली. "पायजे."

तिने अळी मातीत टाकली आणि पायाने चिरडली. "तितं दीर म्हनलं, तुझं म्हायेर हाय, तिकडं बघ. हितं आले तर तुमी म्हनता, तुझं सासर हाय. मग माझं कुटं हाय ते तरी सांगा. म्हशीच्या खुरांखाली जागा हाय तेवढी माझी, तीबी बैल सरकवून घेतलेली. खड्डा खांदला म्हनून तेवढी तरी जागा माझी वाटाय लागली. खत केलं ते घालायला रान नको? का दुसऱ्याच्याच रानात घालत मरू?"

"म्हंजी पयल्या दिवसापासनं मनात हुतं!" काकू म्हणाली. जिंकल्यासारखी म्हणाली.

पहिल्या दिवसापासून तिच्या मनात होतं का, याचं उत्तर मला कधीच मिळालं नाही. पुष्कळ वर्षांनी, आत्या म्हातारी झाल्यावर, मी तिला हसत हसत विचारलं होतं, खरं सांग, येतानाच ठरवून आली होतीस का? ती म्हणाली, "चंद्रव्वाला इचार." चंद्रव्वा तोवर केव्हाच मेली होती. आमचा संशय खरा होता, हे मला मान्य केलंच पाहिजे. तो खरा होता, आणि तरी आम्ही सगळे चूक होतो. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा असू शकतात हे मला त्या वयात अजिबात कळलं नव्हतं.

त्या दिवशी अण्णा आत गेले आणि त्यांनी उरलेली दाढी पुरी केली. आईने मात्र वाट पाहिली नाही. ती गोठ्यात गेली आणि आत्याच्या चुलीचे तिन्ही दगड एकेक करून उचलून बाहेर फेकले. "आजपासनं दोन चुली न्हाईत," म्हणाली. आत्याने माफी वगैरे मागितली नाही; आमच्याकडे मोठी माणसं ती मागत नाहीत. दुसऱ्या सकाळी तिने शेणाच्या दोन भरलेल्या पाट्या आईसमोर आणून ठेवल्या आणि म्हणाली, "थापा गोवऱ्या, वैनी. खड्ड्याला उरलं तेवढं पुरं." त्या दिवशीची भाकरी दोन्ही बाजूंनी नीट शेकली होती.

पुष्कळ दिवसांनी एका सकाळी अण्णा आत्याला घेऊन ओढ्याच्या काठच्या मुरमाड तुकड्यावर गेले. मी मागे होते, काकाही होता. अण्णांनी हाताने दाखवलं, त्या तरवडापासून या बाभळीपर्यंत. "हे घे. हे तुझं." काका हसला. मोठ्याने नाही, पण ऐकू जाईल असा. दगडावर दगड मारला तर ठिणगी पडेल अशी ती जमीन. तिथं आत्या काय पिकवणार होती?

आत्या जमिनीकडे पाहत होती. मग म्हणाली, "पारावर चला, अण्णा. चार लोकांम्होरं सांगा."

अण्णांचा चेहरा असा उतरला की मला तिचा राग आला. "माझ्यावर इश्वास न्हाय तुझा?"

"न्हाय," ती म्हणाली. "तुमचा माझ्यावर हुता व्हय?"

ओढ्याला पाणी होतं, त्याचा आवाज येत होता. अण्णा टोपी काढून हातात घेऊन उभे राहिले. मग ती पुन्हा डोक्यावर ठेवली आणि पाराच्या दिशेने चालू लागले. गावातले लोक बसले होते. त्यांच्यासमोर अण्णांनी जागेवर उभं राहून, शब्द न गिळता, तो तुकडा बहिणीला दिल्याचं सांगितलं. काका आला होता, पण पारावर चढला नाही, खाली उभा राहिला. सातबाऱ्यावर तिचं नाव लागायला पुढं कैक वर्षं गेली, पण त्या दिवसापासून गावाने तो तुकडा शेवंताचा म्हणूनच ओळखला.

तिने तिथं जे केलं ते काही चमत्कार नव्हतं. दगड वेचले, त्यांचाच बांध घातला. दर वर्षी खड्डा उपसायचा आणि पाटी पाटी करून वाहायचं. पहिल्या वर्षी ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि कणसात दाणा धरला नाही. गाव हसलं. दुसऱ्या वर्षी जनावरांना वैरण निघाली, एवढंच. मी तोवर शिकायला सोलापूरला आले होते. सुट्टीत घरी गेले की तिने न बोलावताही मी तिच्या तुकड्यावर जायचे. मातीचा रंग बदलत होता, की मलाच तसं वाटत होतं, कुणास ठाऊक. तिसऱ्या की चौथ्या वर्षी मात्र मी गेले तेव्हा ज्वारीची ताटं माझ्या डोक्याच्या वर होती आणि कणसं भरून वाकली होती. काका बांधाच्या पलीकडून जाताना मान खाली घालून जायचा. त्याचं आणि आत्याचं बोलणं त्या सकाळपासून बंदच होतं. काकू आत्याशी बोलायची, पण तुटक, कामापुरतं.

त्याच सुट्टीतली गोष्ट. आत्या आणि मी खड्डा उघडून बसलो होतो. सारवण फोडलं होतं आणि आतून काळं, भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखं खत निघत होतं. तेवढ्यात गाडीच्या चाकांचा आवाज आला. काकाची गाडी होती, काकाचे बैल होते, पण कासरा काकूच्या हातात होता. काका आला नव्हता. काकू खाली उतरली, पदर नीट केला, आणि आमच्या दोघींकडे न बघता खड्ड्याकडे बघत म्हणाली, "खालच्या पट्टीला गाडीभर पायजे हुतं."

"त्यानं धाडलं?" आत्याने विचारलं.

"मी आले," काकू म्हणाली.

आत्या पुढं झाली नाही. मला वाटलं आता जुनं सगळं निघणार. पण काकूने विचारलं, "हे पिकलंय न्हवं? का कच्चं हाय?"

"मी सांगून तुला पटणार हाय का?" आत्या म्हणाली. "हात घालून बघ की."

काकूने हातातल्या बांगड्या वर सारल्या. ती खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. बाहेर काढून मूठ उघडली, बोटांनी चुरडलं, एखादी अळी वळवळते का ते बारकाईने पाहिलं, आणि मग मूठ नाकाशी नेली. आत्या तिच्याकडे बघत होती, ती कमी-जास्त काय बोलते याची वाट बघत.

काकूने हात लुगड्याला पुसला आणि मला म्हणाली, "बघत काय बसलीस? पाटी दे इकडं."